टायर रोटेशन नेमकं किती किलोमीटरला? (मदत हवी आहे)

घाईत_आहे
सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्या. टायर रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागा आपापसात बदलणं, किती किमीला करायचं? गाडीला २८ हजार झालेत, अजून एकदाही केलेलं नाही. एक जण म्हणतो ५ हजार, दुसरा म्हणतो १० हजार, तिसरा म्हणतो काही गरज नसते. शनिवारी लांब जायचंय, त्याआधी उरकून टाकतो. हल्ली घूं घूं असा आवाज पण येतो, तो रोटेशनने जातो ना?

चौथा_गिअर
गाडी कुठली? इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते की मागच्या? आवाज कितीच्या वेगाला येतो? चारही टायर एकाच वेळचे आहेत का?

घाईत_आहे
साधी हॅचबॅक आहे हो. चार चाकं, एक स्टीअरिंग. टायर गाडीसोबत आले तेच. किमीचा आकडा सांगा ना कोणीतरी.

चौथा_गिअर
८ ते १० हजार. झालं समाधान? पण तुमची वेळ २८ हजारांत दोन-तीनदा येऊन गेली.
साध्या हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा ताकद पुढच्याच चाकांना असते. म्हणजे ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. मागची नुसती फरफटत येतात. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. अशा गाडीत पुढची दोन सरळ मागे जातात आणि मागची दोन तिरकी पुढे येतात, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मागच्या चाकांना ताकद असेल तर याच्या बरोबर उलट.

उंटावरचा_शहाणा
कशाला नादी लागताय? मी आजवर एकदाही रोटेशन केलेलं नाही. पुढचे दोन गोटा झाले की दोन नवे आणायचे, पुढे टाकायचे, विषय संपला.

भोचक
आणि नवे दोन पुढे टाकता? मग मागे राहतात ते जुने, कमी खाचांचे. ओल्या रस्त्यावर वळणात मागची बाजू सुटली की गाडी गरकन फिरते आणि आपल्याला सावरता येत नाही. पुढचं घसरलं तर निदान स्टीअरिंगमध्ये कळतं, वेग कमी केला की पकड परत येते. दोनच नवे घेतले तर ते मागे, ताकद कुठल्याही चाकांना असो.

उंटावरचा_शहाणा
पुढचा टायर फुटला तर मग? स्टीअरिंग पुढच्या चाकांना असतं साहेब.

भोचक
फुटणं वेगळं, घसरणं वेगळं. पावसात पाणी टायरखालून बाहेर काढायचं काम खाचांचं असतं.

हळू_चालवा
माझा अनुभव सांगते. टायरमध्ये नायट्रोजन भरा. हवा उतरत नाही, टायर गार राहतात, झीज कमी. माझे अजून नव्यासारखे आहेत.

चौथा_गिअर
ताई, साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा तपासत राहणं महत्त्वाचं. पण प्रश्न रोटेशनचा आहे.

हळू_चालवा
मग उरलेले २२ टक्के काय फुकट घालवायचे? बरं, राहिलं.

जुनी_चाकं
धागाकर्ते, किमीचा आकडा हा अंदाज असतो. टायर काय सांगतोय ते बघा. खाचेची खोली मोजायचं छोटं मापक मिळतं. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा, आतली कड, मध्य, बाहेरची कड. नव्या टायरची खोली साधारण ८ मिमी असते. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या दिसतील, त्या १.६ मिमीवर असतात. नक्षी पट्टीला टेकली की टायर संपला. मी पुढच्या-मागच्यात दीड मिमीचा फरक दिसला की फिरवते, मग किमी ७ हजार असोत की ११.
आणि टायरच्या बाजूवर बाण आहे का तेही बघा. बाण असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरायला बनवलेला असतो. त्याला तिरकं न्यायचं नाही, त्याच बाजूला नुसतं पुढचं मागे, मागचं पुढे.

घाईत_आहे
बाण नाही. मापक आणून मोजलं, घ्या:
पुढचा उजवा: ४, ४, ४
पुढचा डावा: बाहेर ४, मध्ये ३.८, आत २
मागचे दोन्ही सगळीकडे ६.३ च्या आसपास.
आता फिरवू ना?

जुनी_चाकं
थांबा! डाव्याची आतली कड २? नीट मोजलंत ना?

घाईत_आहे
दोनदा मोजलं. स्टीअरिंग पूर्ण वळवून आत बघितलं तर ती कड गुळगुळीत दिसते, बाहेरून टायर ठणठणीत. हात फिरवला तर एका दिशेने खरखरीत लागतं.

चौथा_गिअर
गाडी एका बाजूला ओढते का? चाक कुठे आपटलं होतं का?

घाईत_आहे
हो, थोडी डावीकडे जाते, पण ते जुनंच आहे. सहा महिन्यांपूर्वी खड्ड्यात आपटली होती तेव्हापासून. त्याचा काय संबंध?

चौथा_गिअर
😐

भोचक
रामायण संपलं आणि आता सीता कोण?

जुनी_चाकं
संबंध आहे. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त असेल तर मधोमध. एकाच कडेने खाल्ला असेल तर चाकाचा कोन बिघडलाय. खरखर लागते म्हणजे चाक सरळ न लोळता किंचित घासत चाललंय. घूं घूं बहुधा याच टायरची, तरी चाकाचं बेअरिंगही तपासून घ्या, त्याचा आवाज असाच असतो. रोटेशनने आवाज जाणार नाही, पुढून मागे जाईल फार तर. वर पुढे आलेला चांगला टायरही तसाच खाल्ला जाईल. आधी सस्पेन्शनचे भाग वाकलेत का ते बघून अलाइनमेंट करा.

घाईत_आहे
अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच ना? बॅलन्सिंग मागच्या महिन्यात केलंय.

चौथा_गिअर
नाही हो. बॅलन्सिंगमध्ये चाकाला छोटी वजनं लावतात, ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरू नये म्हणून. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते.

उंटावरचा_शहाणा
बघा, शेवटी मी म्हणालो तेच. रोटेशन नकोच.

जुनी_चाकं
तुमचं म्हणणं वेगळं होतं. रोटेशन वेळेवर केलं असतं तर डावा टायर जॅकवर निघाला असता आणि ही कड महिन्यांपूर्वीच कोणाच्या तरी नजरेला पडली असती. आता पुढे ४ आणि मागे ६.३. आत्ता अदलाबदल केली तर झिजलेले मागे जातील, म्हणजे भोचक म्हणतात तोच धोका. मी असते तर अलाइनमेंट करून पुढचे दोन्ही काढून टाकले असते. नवे दोन मागे, सध्याचे मागचे पुढे. पुढचे लवकर झिजणारच, मग यापुढे दीड मिमीचं गणित सुरू करा.

भोचक
उजवा ४ मिमीचा आहे, तो फेकायचा? स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिथे जाईल तो.

टायरपुराण
स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर तिच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. न वापरता पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं.

घाईत_आहे
स्टेपनी बारीक आहे, तिच्यावर ८० लिहिलंय.

टायरपुराण
मग ती तात्पुरती. ताशी ८० च्या वर जायचं नाही, रोटेशनमध्येही धरायची नाही.

चौथा_गिअर
चाकं पुन्हा बसवाल तेव्हा नट एकामागून एक गोल न आवळता समोरासमोरचे आवळा, आणि ५०-१०० किमी गेल्यावर पुन्हा तपासा. पुढच्या-मागच्या चाकांची हवा वेगळी असेल तर तीही नव्या जागेप्रमाणे भरा. हे बऱ्याच वेळा राहून जातं.

घाईत_आहे
गॅरेजला जाऊन आलो. डाव्या बाजूचा टाय रॉड (स्टीअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) वाकलाय म्हणे. भाग परवा येणार, म्हणजे शनिवार हुकला. तिथला माणूस म्हणतो तोवर टायर फिरवून देतो, आवाज कमी होईल. फिरवू का?

जुनी_चाकं
नको!

हळू_चालवा
नायट्रोजन मात्र भरून घ्या.