मदत हवी आहे: मे महिन्यात रेड वाइन किती गार करावी?

मंडळी, शनिवारी नाशिकला गच्चीवर काळ्या मसाल्याचं मटण आणि भाकरीचा बेत आहे. सोबत इथलीच शिराझ आणि एक झिनफँडेल, दोन्ही रेड वाइन. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची! आमच्याकडे संध्याकाळीही तिशीच्या वर पारा. अशा उकाड्यात अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास दबतो. उलट फार गार केली की शिराझचा तुरटपणा जिभेला खरखरीत लागतो. मग बाटली फ्रिजमध्ये किती वेळ ठेवू? की बर्फ-पाण्याच्या बादलीत बुडवणं बरं? झिनफँडेल जरा जास्त गार चालेल ना? सासरेबुवा पहिल्यांदाच वाइन चाखणार आहेत, त्यांना आवडावी अशी फार इच्छा आहे. ग्लासात बर्फ मात्र सुचवू नका, चव पाणचट होते.