लॅपटॉपची हार्ड डिस्क काढताना एक स्क्रू अडलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क परवापासून टक-टक वाजतेय. तिच्यात आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. आवाज ऐकला तेव्हाच लॅपटॉप बंद केला, तो पुन्हा चालू केलेला नाही.

बदलायला २.५ इंची साटा एसएसडी (साटा जोडणीची, आत फिरते भाग नसलेली डिस्क) आणून ठेवली आहे. काल चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं आणि मगच खालचं झाकण उघडलं. डिस्क पत्र्याच्या चौकटीत बसवलेली आहे. चौकटीचे तीन स्क्रू सहज निघाले. चौथ्याच्या खाचा पार गुळगुळीत झाल्यात, स्क्रूड्रायव्हर नुसता गरगर फिरतो. जोर लावला तर डिस्कला धक्का बसेल म्हणून तिथेच थांबलो.

स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर यांच्यामध्ये रुंद रबरबँड धरून स्क्रू फिरवायचा उपाय कुणी केलाय का? ड्रिल नकोच, लोखंडाचा चुरा आत जाईल.

दुसरं, जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची, नवी ७ मिमीची. फट भरायला काय लावता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डिस्क निघाल्यावर साटा-यूएसबी केबलने आधी फक्त फोटो उतरवून घेऊ, की अशा वाजणाऱ्या डिस्कला घरी वीजच देऊ नये? दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, डेटाची गॅरंटी नाही." त्याच्याकडे द्यायचा धीर होत नाही. सांगली-मिरजेकडे डेटा रिकव्हरीचं खात्रीचं काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा.