दहावीच्या मुलाला उदाहरण वाचता येत नाही, दोष मराठीच्याच शिक्षकांचा?

मराठीच्या_बाई (सातारा)
काल एका गणिताच्या सरांनी लिहिलं होतं, 'दहावीच्या मुलांना उदाहरणच वाचता येत नाही. मराठीवाले इतकी वर्षं करतात काय? वाचायला शिकवणं आमचं काम नाही, आम्हाला पोर्शन आहे.' खाली चार ओळींत उत्तर देणार होते, पण राहवलं नाही.

२२ वर्षं मराठी शिकवतेय. परवा ऑफ तासाला दहावी ब वर गेले. मुलं शाब्दिक उदाहरणं सोडवत होती. 'आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ५ सेमीने जास्त आहे.' एका मुलानं मांडलं होतं, लांबी अधिक ५ बरोबर रुंदीची दुप्पट. हा मुलगा घडाघडा वाचतो. म्हटलं, जास्त कोण रे? 'लांबी.' मग ५ कुणात मिळवलेस? त्यानं 'पेक्षा' या शब्दावर बोट ठेवलं, बराच वेळ तसाच बसला आणि शेजाऱ्याकडे खोडरबर मागितला. समीकरण त्याला येत होतं, ते वाक्य येत नव्हतं. आणि तसलं वाक्य माझ्या कवितेच्या तासाला कधीच येत नाही. गोष्ट वाचणं वेगळं, उदाहरण वाचणं वेगळं, नकाशाची सूची वाचणं आणखी वेगळं. ज्याचा विषय, त्यानं त्या विषयाचं वाचन शिकवावं. दोन वर्षांच्या बीएडला 'लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम', म्हणजे प्रत्येक विषयातून भाषा, असा विषयच आहे. नव्या मंडळींनी तो अभ्यासलाय, मग वर्गात का दिसत नाही?

त्रिज्या (परभणी)
ते लिहिणारा मीच. मॅडम, वर्गात ६८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. त्यात मतदार याद्यांचं काम माझ्याच गळ्यात. 'अनुक्रमे' म्हणजे काय हे सांगत बसलो तर त्रिकोणमिती कधी घेऊ? दोन बाजू अनुक्रमे ३ आणि ५ दिल्या तरी उलट्या मांडतात. 'अनुक्रमे' हा मराठी शब्द आहे, प्रमेय नाही.

मराठीच्या_बाई
सर, तो शब्द माझ्या पुस्तकात वर्षातून एखाद्या वेळी येत असेल. तुमच्याकडे पानोपानी येतो. मग तो कुणी शिकवायचा?

जुनं_दप्तर (निवृत्त, इतिहास)
मूळ दुखणं वेगळंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, तिथेच सगळं ढासळलं. आता पाचवी-आठवीला परीक्षा परत आणली, पण मधली पिढी गेली. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल बघा. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी साधारण २५ टक्क्यांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही. अशा मुलाला 'भौगोलिक कारणे लिहा' काय कळणार?

मराठीच्या_बाई
दादा, त्या २५ टक्क्यांसाठी वेगळे वर्ग हवेत, मान्य. पण मी सांगतेय तो मुलगा उरलेल्या ७५ मधला आहे. त्याला नापास करून 'पेक्षा' कळला नसता.

भिंग (नाशिक, विज्ञान)
बाईंचं पटतंय. माझ्याकडे दहावीची मुलं अपवर्तन आणि परावर्तन यात वर्षभर घोळ घालायची. एकदा स्टाफरूममध्ये कळलं की त्याच आठवड्यात शेजारच्या वर्गात 'उपसर्ग' चालू होते! मग फळ्यावर 'वर्तन' लिहिलं, त्याच्यामागे 'अप' आणि 'परा' लावून दाखवलं. घोळ पुष्कळ कमी झाला. पण हे आता करायचं कुणासोबत? शाळा सेमी-इंग्रजी झाली, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. मुलं 'रिफ्रॅक्शन' म्हणतात आणि गप्प बसतात. पुढचं वाक्य ना मराठीत येतं ना इंग्रजीत. सेमीनं मुलांची दोन्ही भाषांतली वाचा घालवली.

एक_आई (ठाणे)
यावर गप्प बसवत नाही. मी मराठी माध्यमातून ८१ टक्के मिळवून अकरावी सायन्सला गेले. पहिल्या दिवशी 'व्हेलॉसिटी' ऐकलं आणि तो आपला 'वेग' आहे हे कळायला मला आठवडा लागला. वर्गात हात वर करायचं मी बंद केलं ते कायमचं. माझी मुलगी सेमीत आहे आणि तिथेच राहणार. तुमचा उपसर्ग अकरावीला उपयोगी पडत नाही.

भिंग
ताई, मग तुमची मुलगी 'तारे का लुकलुकतात' याचं उत्तर स्वतःच्या वाक्यात लिहिते का? की गाईडमधलं जसंच्या तसं?

एक_आई
माझ्या मुलीवर घसरू नका. वर्गात गाईडमधूनच उत्तरं कोण लिहून देतं, ते आधी सांगा.

त्रिज्या
ताईंचं खरं आहे. आम्हीच लिहून देतो. निकाल १०० टक्के लागला नाही तर संस्थाचालक आम्हाला उभं करतात, तुम्हाला नाही.

सातपुडा (धडगाव, आश्रमशाळा)
तासभर वाचतोय. सेमी की मराठी यावर तुम्ही भांडताय. माझ्या मुलांच्या घरी पावरी बोलतात. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठीसुद्धा परकीच. 'शास्त्रीय कारणे लिहा' म्हटलं की प्रश्नच पुन्हा उतरवून शेवटी 'म्हणून' जोडतात. मी आधी पावरीत विचारतो, का झालं? एक मुलगी भाताच्या पातेल्याच्या झाकणावरून बाष्पीभवन आणि संघनन दोन्ही सांगून गेली. मग आम्ही तेच मराठीत तीन वाक्यांत बसवलं. तास गेला. पोर्शन मागे राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

एक_आई
माझ्या वर्गात असं कुणी केलं असतं तर मी हात खाली घेतला नसता. सेमीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

भिंग
मुलीबद्दल बोलायला नको होतं. माफ करा, ताई. सेमीबद्दल माझंही मत तेच.

त्रिज्या
मराठीवाल्यांवर सगळं ढकललं ते चुकलं, एवढं मान्य. त्याहून जास्त नाही. सोमवारी उदाहरण सोडवण्याआधी मुलांकडून मोठ्यानं वाचून घेतो आणि 'कोण जास्त' ते विचारतो. दहा मिनिटं. अकरावं मिनिट माझ्याकडे नाही.

मराठीच्या_बाई
दहा पुरेत, सर. फक्त समीकरण मांडायच्या आधी पुस्तक मिटायला लावा आणि तेच उदाहरण शेजाऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. जिथे अडखळतील तो शब्द मला कळवा, मंगळवारी मीही माझ्या वर्गात तोच घेते.