मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इतिहास-चरित्राची ग्राफिक नॉव्हेल्स

ग्रंथपालबाई

नमस्कार मंडळी. कराड तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवते, आणि दुसरं कुणी घ्यायला तयार नाही म्हणून ग्रंथालयाची किल्लीही माझ्याच पर्समध्ये असते. अमर चित्र कथेचे जुने अंक मुलांनी वाचून वाचून खिळखिळे केलेत. पण सातवीपर्यंत त्यावर तुटून पडणारं पोर आठवीत गेलं की म्हणतं, "बाई, हे बारक्यांचं आहे." जाड चरित्रग्रंथांना तर ही मुलं हातही लावत नाहीत. मग ग्रंथालयाच्या तासाला कपाटासमोर नुसती घुटमळतात.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे दिलेत, आठ हजारांच्या आत बसवायचंय. इतिहास, चरित्र किंवा वयात येण्याचे दिवस या विषयांवरची ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या मोठ्या गोष्टी, घ्यावीत असं मनात आहे. निम्मी मुलं सेमी-इंग्रजीची, निम्मी पूर्ण मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी झेपेल असं हवं. मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. मारहाण, शिव्या, उघडीवाघडी चित्रं असतील तर आधीच सांगा. खरेदी समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं, "कॉमिकवर पैसे घालवण्यापेक्षा स्कॉलरशिपची पुस्तकं घ्या." त्यांना द्यायला उत्तरही हवंय.

मी स्वतः यातलं फक्त 'पर्सेपोलिस', इराणमध्ये वाढलेल्या एका मुलीची गोष्ट, वाचलंय. फार आवडलं, पण आठवीच्या हातात द्यायला धीर होत नाही.

शाईचा डाग

बाई, कराड तालुका म्हणालात म्हणून पहिलं नाव 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांचं चित्ररूप चरित्र. बाबासाहेब साताऱ्यात शाळेत होते आणि त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. १९०१च्या सुमारास सुट्टीत बाबासाहेब आणि घरातली मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे घालून, आगगाडीनं, आणि उतरली कुठे, तर तुमच्या मसूर स्टेशनात. घ्यायला कुणी आलेलं नाही. ही मुलं महाराची आहेत कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरलं. रात्री उशिरापर्यंत प्रवास आणि प्यायला पाणी नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. तुमच्या मुलांपैकी कित्येकांनी ते स्टेशन पाहिलेलं असेल. इतिहास इतका जवळ कुठल्या पाठ्यपुस्तकात येतो?

चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. २०११ साली दिल्लीच्या नवयाना प्रकाशनानं काढलं. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडायला चक्क नकार दिलाय. त्यामुळे पानावर नेहमीच्या कॉमिकसारखे चौकोन नाहीत, गोष्ट वळणावळणानं वाहते. आगगाडी म्हणजे साप, किल्ला म्हणजे हिंस्र जनावर. आणि बोलण्याचे फुगे बघा: साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा. तुमच्या त्या सदस्यांना एवढं एकच पान उघडून दाखवा.

पुढे १९१७ सालचं बडोदं येतं, जिथे परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईतून हुसकावलं जातं. आणि १९३४ सालचा दौलताबादचा किल्ला, हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून झालेला गोंधळ. आठवीला बेलाशक द्या.

उंबरठा

+१. त्याच प्रकाशनाचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'ही पाहा. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) आधारलेलं. मात्र त्यात वादविवाद जास्त, गोष्ट कमी. नववी-दहावीला ठीक.

चष्मेबहाद्दर

मी मुलांना इंग्रजी शिकवतो, म्हणून एक अडचण सांगतो जी कुणी सांगत नाही. इंग्रजी कॉमिकमधला मजकूर बहुतेक वेळा सगळा कॅपिटल अक्षरांत असतो, तोही हातानं लिहिल्यासारखा. आपली मुलं शब्द आकारावरून ओळखतात. कॅपिटलमध्ये सगळे शब्द सारखेच ठोकळे दिसतात आणि येणारा शब्दसुद्धा अडतो. पहिली दहा पानं वर्गात मोठ्यानं वाचा, पुढे सवय होते. हे न करता पुस्तक हातात दिलं तर चित्रं बघून परत येतं आणि आपण म्हणतो मुलांना आवड नाही.

दुसरं, सगळेजण 'माऊस' सुचवतील. पुस्तक थोर आहेच. आर्ट स्पीगलमन यांनी वडिलांची नाझी छळछावणीतली कहाणी ज्यूंना उंदीर आणि जर्मनांना मांजरं करून सांगितली, १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर मिळालं. पण त्यातले वडील पोलंडहून अमेरिकेत आलेले, त्यांचं इंग्रजी मुद्दाम मोडकंतोडकं ठेवलंय. ते कानाला कळायला आधी सरळ इंग्रजी अंगवळणी पडलेलं लागतं. आपल्या पोरांना ते चूक की बरोबर हेच समजणार नाही. शिवाय दुसरं महायुद्ध थोडं तरी ठाऊक हवं. दहावीच्या आधी नको.

कोरी पाटी

'माऊस' दहावीच्या आधी नको हे पटलं नाही. माझ्या भाच्यानं नववीत वाचलं, व्याकरणापायी अडला नाही. अडला तो वडील-मुलाच्या भांडणांपाशी, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मुलं पुस्तकातली भाषा आपल्याला वाटते तेवढी शाळेसारखी वाचत नाहीत.

उघड्यावाघड्या चित्रांबद्दल विचारलंत म्हणून: जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळानं 'माऊस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारण दिलं काही शिव्या आणि एक नग्न चित्र. ते चित्र लेखकाच्या आईच्या आत्महत्येच्या प्रसंगातलं, जेमतेम दिसेल एवढं.  तरी आपल्याकडे पालकसभेत विचारणा होऊ शकते, तेव्हा पान आधी स्वतः पाहून ठेवा.

चष्मेबहाद्दर

भाचा घरी होता, शेजारी तुम्ही होतात. बाईंकडे एका वर्गात पन्नास असतील. मी तेवढंच म्हणतोय.

निळी पेन्सिल

माझं मत 'मार्च'ला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतले जॉन लुईस यांचं आत्मचरित्र, अँड्र्यू आयडिन सहलेखक, चित्रं नेट पॉवेल यांची. तीन भाग, २०१३ ते २०१६, तिसऱ्याला किशोर साहित्यासाठीचं नॅशनल बुक अवॉर्ड. सगळं काळ्या-पांढऱ्यात. सुरुवातच ७ मार्च १९६५ला सेल्माच्या पुलावर, पोलिसांच्या लाठ्यांसमोर उभ्या राहिलेल्या रांगेनं होते. पण मुलांना धरून ठेवेल तो लहानपणचा भाग: अलाबामातल्या शेतावर कोंबड्या सांभाळणारा मुलगा, जो कोंबड्यांना रोज प्रवचन द्यायचा आणि त्यांतली एखादी जेवणात आली की जेवायचा नाही. खेड्यातल्या पोरांना हा मुलगा परका वाटणार नाही.

समितीसाठी दाखला हवाय ना? १९५७ सालच्या शेवटी माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बहिष्कारावर एक सोळा पानी कॉमिक निघालं होतं, दहा सेंट किमतीचं. मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट आणि शेवटी अहिंसक प्रतिकार कसा करायचा याची रीत. चळवळीतल्या तरुणांनी ते वाचलं, हाताहाती फिरवलं. 'मार्च' चित्रांत काढायची कल्पना तिथूनच आली. कॉमिक म्हणजे टाइमपास म्हणणाऱ्याला हे सांगून बघा.

एक इशारा: यात वर्णद्वेषी शिवी आहे, खरी, न गाळता. ती का ठेवलीय हे आधी बोलून घ्या.

उंबरठा

सगळं छळ, छावण्या आणि लाठ्याच होऊ देऊ नका हो. वयात येण्याबद्दलही विचारलंय बाईंनी. 'एल डेफो' घ्या. लेखिका सीस बेल चौथ्या वर्षी मेंदूज्वरानं बहिरी झाली. तिच्या छातीवर बांधलेलं ते बोजड श्रवणयंत्र, बाईंच्या गळ्यात त्याचा माइक. बाई माइक न काढता कुठेही गेल्या तरी हिला सगळं ऐकू येतं, शिक्षकांच्या खोलीतलं आणि बाथरूममधलंसुद्धा! वर्ग हसून लोळेल. सगळी पात्रं सशांची, इंग्रजी सोपं, आठवीचं पहिलं पुस्तक म्हणून उत्तम. मैत्रीण जेव्हा उगाच मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागते तेव्हा कसं वाटतं, ते पानावर दिसतं.

शाईचा डाग

'पर्सेपोलिस'चं राहिलंच. इंग्रजीत ते दोन भागांत आहे, एकत्र जाड आवृत्तीही मिळते. शाळेसाठी फक्त पहिला भाग घ्या. दहा वर्षांची मार्जी, क्रांतीनंतर शाळेत आलेली डोक्यावरची ओढणी, पटांगणात मुली त्या ओढणीचीच दोरी करून उड्या मारतायत, नंतर इराकचे बॉम्ब. दुसऱ्या भागात व्हिएन्ना, नशा, एकटेपण, ते मोठ्यांसाठी. पहिल्या भागातही तुरुंगातल्या छळाची काही चित्रं आहेत. शिकागोच्या शाळांत २०१३ साली त्यावरूनच वाद झाला होता. इंग्रजी मात्र या सगळ्यांत सोपं, वाक्यं आखूड. नववीला द्या, मागेल त्याला.

मराठीत या वयासाठी असा खजिना नाही, हे कबूल करायला हवं. 'चिंटू'वर वाढलेल्या मुलांना पुढची पायरीच नाही. तात्पुरता उपाय: पिवळ्या चिकटचिठ्ठ्या द्या आणि एकेका गटाला चार पानांचे फुगे मराठीत लिहून चिकटवायला सांगा. पुस्तक खराब होत नाही, आणि पुढच्या वाचणाऱ्याला मराठी तयार. 'भीमायन'पासूनच सुरू करा, साताऱ्याच्या बोलीत.

ग्रंथपालबाई

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मसूरचं वाचून आमच्या इतिहासाच्या सरांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणतात तास मी घेतो.

ठरलं असं: 'भीमायन' तीन प्रती, गटात वाचायला. 'एल डेफो' दोन. 'मार्च'चा पहिला भाग एक. 'पर्सेपोलिस'चा पहिला भाग एक, तो कपाटात न ठेवता माझ्या खणात. नववी-दहावीतलं कुणी मागायला आलं तर आधी दोन मिनिटं बोलून देईन. 'माऊस'वर तुमचं भांडण मिटलं की सांगा, तोवर थांबते. कॅपिटल अक्षरांचं चष्मेबहाद्दर सरांनी सांगितलं ते कधी डोक्यात आलं नव्हतं, पहिली दहा पानं मोठ्यानं वाचूनच सुरुवात करणार.

समितीची बैठक शनिवारी आहे. 'मार्च'चे पुढचे दोन भाग बजेटात बसत नाहीत. कुणाकडे वाचून झालेले, पानं धड असलेले असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाचा खर्च मी देईन.