मदत हवी आहे: ॲलेक गिनेसची १९७९ ची मालिका, पूर्ण सात भागांची

आमच्या चित्रपट मंडळात सर ॲलेक गिनेस यांच्यावर कार्यक्रम ठेवतोय. चित्रपट ठरलेत: एकट्याने आठ भूमिका केलेला १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' आणि ऑस्कर मिळवून देणारा १९५७ चा 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. पण बीबीसीच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या १९७९ च्या हेरकथेच्या मालिकेशिवाय हा कार्यक्रम अपुराच. चष्मा पुसत नुसतं ऐकत बसणारा त्यातला त्यांचा हेर स्माइली पडद्यावरच्या कुठल्याही भूमिकेइतकाच मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी की ब्रिटनमध्ये ही मालिका सात भागांत दाखवली गेली, अमेरिकेसाठी मात्र कापून सहा भागांची केली. ऑनलाइन दुकानांत शोधलं, दोन विक्रेत्यांना विचारलं. कुणीच नीट सांगत नाही. ओळखीच्यांकडे मिळाली ती सहा भागांचीच.

याच कथेवरचा २०११ चा गॅरी ओल्डमनचा चित्रपट नकोय. इंग्रजी सबटायटल्स हवीतच, कारण बरेच सभासद ज्येष्ठ आहेत. आमचा प्लेअर फक्त रीजन ५ च्या, म्हणजे भारत ज्यात येतो त्या विभागासाठीच्या डीव्हीडी घेतो. ब्रिटनच्या रीजन २ च्या चालत नाहीत. ब्लू-रे प्लेअर उसना मिळू शकेल.

सबटायटल्ससह सातही भाग असलेली आवृत्ती कुणी स्वतः पाहिली आहे का? कुठली, आणि भारतात कशी मागवली?