मामांचं लॅक्टेट ५.८ आलंय, म्हणजे काय समजायचं?

रामबागवाला, इंदूर
मामा परवापासून आयसीयूत आहेत, लघवीच्या इन्फेक्शनवरून सेप्सिस झालंय (इन्फेक्शनमुळे बाकीचे अवयवही बिघडतात ते), बीपीसाठी नॉरअ‍ॅडची ड्रिप चालू. काल डॉक्टर राउंडला म्हणाले लॅक्टेट ५.८ आहे, सीरियस आहे, आणि पुढच्या बेडकडे गेले. मामीने नेटवर वाचलं की ४ च्या वर गेलं की संपलंच. शुगर पण २६०, डायबिटीस तर कधीच नव्हता. या आकड्यांवरून खरंच कळतं का माणूस वाचणार की नाही?

नाइटड्यूटी
मी आयसीयूत रेसिडेंट आहे. लॅक्टेट म्हणजे पेशी साखर वापरताना रक्तात सोडतात तो पदार्थ. खोटा धीर देत नाही, ५.८ वाईटच. २०१६ च्या व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणजे सलाइन पुरेसं देऊनही बीपीला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर, आणि अशांत मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवर धरलंय. पण "संपलंच" कुठून काढलं? आम्ही एका आकड्यावर काहीच बोलत नाही, काही तासांनी परत काढतो, उतरतोय का ते बघतो. शिवाय लॅक्टेट फक्त ऑक्सिजन कमी पडला म्हणूनच वाढतं असं नाही, अंगातलं अ‍ॅड्रेनलिन वाढलं की पेशीच जास्त बनवतात, आणि लिव्हर थकलं असेल तर साफ व्हायला वेळ लागतो. नख दाबून सोडल्यावर रंग ३ सेकंदांत परत येतो का हेही आम्ही बघतो, २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक ट्रायलमध्ये त्यावर उपचार ठरवले तरी लॅक्टेटवाल्यांपेक्षा निकाल वाईट नव्हता.

सुदामानगर_ताई
युनिट बघून घ्या हं, काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, तिथे हेच ५२ दिसतं आणि घरचे हादरतात. ९ ने भागलं की तुमच्यासारखा मिलिमोलमधला आकडा येतो.

शुगरचं म्हणाल तर एवढ्या आजारात डायबिटीस नसला तरी चढते, १८० च्या वर गेली की इन्सुलिन लावतात. मग १६० दिसली म्हणून सिस्टरशी भांडू नका, मुद्दाम तेवढीच ठेवतात. २००९ च्या नाइस-शुगर ट्रायलमध्ये १०८ च्या आत ठेवलेल्यांतच जास्त लोक गेले.

रामबागवाला, इंदूर
थँक्यू दोघांना. सिस्टरने चार्ट बघून सांगितलं सकाळचं ३.४ आहे, लघवी पण तासाला ४० एमएल येतेय.

नाइटड्यूटी
हे बरं आहे भिया. आता फक्त एवढं विचारा की नॉरअ‍ॅडचा डोस कालच्यापेक्षा कमी झालाय का, कारण ड्रिप वाढवत नेऊन ३.४ आलं असेल तर मी एवढ्यात खूश होणार नाही.