विषय: अर्वाइनमध्ये घर घ्यावं का? (कर, भाडं आणि पगाराचं गणित)

पहिलं पत्र – अर्वाइनहून

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांशी हा विषय अर्धवट बोलून झाला, म्हणून आता मंडळाच्या ई-मेल लिस्टवर सविस्तर लिहिते.

आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा, कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो. भाडं ३,७०० डॉलर. आता करार वाढवायचं पत्र आलंय, त्यात नवं भाडं ३,९५०. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे.

दोघांचा मिळून पगार वर्षाला २ लाख १० हजार. कर, निवृत्तीची कपात, आरोग्य विमा सगळं जाऊन हातात महिन्याला १०,८०० च्या आसपास येतात. पुण्यात हा आकडा सांगितला की पुढची काळजी कुणाच्या गळी उतरत नाही.

ग्रेट पार्कजवळ एक टाउनहाउस पाहिलं. किंमत १२ लाख. २० टक्के भरले तरी कर्ज ९ लाख ६० हजारांचं, व्याज साडेसहा टक्के. काल रात्री मुलगा झोपल्यावर ओट्यापाशी कागद घेऊन बसले. हप्ता ६,०६८, प्रॉपर्टी टॅक्स १,०५०, मेलो-रूस (नव्या वसाहतीचा जादा कर) ३५०, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) ३२०, विमा १५०. एकूण ७,९३८. त्यानंतर पाळणाघराचे १,९०० गेले की किराणा, पेट्रोल, आजारपण, भारताची तिकिटं या सगळ्याला मिळून हजारसुद्धा उरत नाहीत. तीनदा बेरीज केली, दर वेळी तेवढीच आली.

सुरुवातीच्या रकमेपैकी दीड लाख आमच्याकडे आहेत. उरलेल्यासाठी सासरे कोथरूडचा फ्लॅट विकायला तयार आहेत. ते मनापासून म्हणतायत, पण मला रात्री झोप लागत नाही. यांच्या ऑफिसमधले तिघं टेक्सासला गेले. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरं निम्म्या किमतीत. इथे शाळा चांगल्या, हवा चांगली, मंडळ आहे, पण नुसती हवा खाऊन दिवस निघत नाहीत. ज्यांनी हे सगळं पार केलंय त्यांनी कृपया लिहा.

दुसरं पत्र – टस्टिनहून

अगं, तुझी बेरीज बरोबर आहे. आधी तिच्यात दोन गोष्टी जोडतो, मग मनातलं बोलतो.

एक, कर्जाच्या व्याजाची वजावट. केंद्राच्या करात ती ७ लाख ५० हजारांपर्यंतच्या कर्जावरच मिळते, कॅलिफोर्नियाच्या करात अजूनही १० लाखांपर्यंत. शिवाय राज्याचा इन्कम टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून केंद्राकडे दाखवायची मर्यादा २०१८ पासून १०,००० होती, ती २०२५ साठी ४०,००० झाली आहे. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर पूर्ण मिळते, आणि २०३० मध्ये परत १०,००० वर येणार आहे. तुमच्या आकड्यांवर मी हिशेब केला. पहिल्या वर्षी दोन्ही करांत मिळून १३ हजारांच्या आसपास वाचतील, म्हणजे महिना अकराशे. मेलो-रूसची रक्कम मात्र सहसा यात धरता येत नाही.

दोन, घर घेतल्यावर काही महिन्यांनी काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) वेगळं पुरवणी बिल येतं, जुन्या आणि नव्या किमतीतल्या फरकाचं. ते बहुतेक वेळा बँकेच्या एस्क्रोतून (हप्त्याबरोबर करासाठी पैसे जमा होतात त्या खात्यातून) जात नाही, आपल्यालाच भरावं लागतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि ते बिल मी जाहिरात समजून बाजूला टाकलं होतं.

आता मनातलं. आम्ही १९९५ मध्ये इथे आलो. आदल्या डिसेंबरात आपल्या ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली होती, खजिनदाराच्या गुंतवणुकीत दीड अब्जाच्या वर बुडाले होते, लोक धास्तावलेले होते. १९९७ मध्ये आम्ही टस्टिनचं हे घर २ लाख ४० हजारांना घेतलं. यात हुशारी काही नव्हती. त्या साली आम्ही इथे होतो, एवढंच.

या महिन्यात प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं. शेजारी एक तरुण जोडपं २०२४ मध्ये राहायला आलंय, १४ लाखांना घर घेतलं त्यांनी. बिल समजून घ्यायला ती मुलगी आमच्याकडे आली. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही बिलं शेजारीशेजारी ठेवली. एकाच बिल्डरची घरं, एकच नकाशा, मध्ये एक लाकडी कुंपण. आमच्या घराची कराची किंमत ४ लाखांच्या आसपास, बिल साडेचार हजार. तिचं बिल १५,३००. कचऱ्याची गाडी तीच, रस्ता तोच, अग्निशमन दल तेच. ती आमच्या कागदाकडे बघत राहिली, काही बोलली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

हे १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे. त्या काळी घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्याबरोबर कर वाढत होता, आणि निवृत्त माणसांना राहत्या घराचा कर भरणं मुश्किल झालं होतं. लोकांनी मतदान करून नियम केला: मूळ कर खरेदीच्या किमतीच्या १ टक्का, आणि ती किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार. घराचा मालक बदलला की नव्याने बाजारभाव लागतो. त्या म्हाताऱ्या माणसांची घरं वाचली, हे खरंच आहे. पण शहरांच्या हातातला पैसा आटला. मग नव्या वसाहतींसाठी रस्ते, बागा, शाळा कुठून बांधायच्या? म्हणून १९८२ मध्ये मेलो-रूस कायदा आला. कर्जरोखे काढून बांधायचं, आणि फेड त्या वसाहतीतल्या घरमालकांनी करायची. तुला ग्रेट पार्कजवळ दिसलेले ते ३५० डॉलर हेच. कमाई किती याच्याइतकंच तुम्ही कोणत्या साली आलात यावर इथे सगळं ठरतं, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी ओझं येतं.

म्हणून घर बघायचंच तर जुन्या वसाहतीत बघ. टस्टिनमध्ये, लेक फॉरेस्टच्या जुन्या भागात, अर्वाइनमध्येसुद्धा सत्तरच्या दशकातल्या वस्त्या आहेत. पत्ता आवडला की आधी त्या घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागून घे आणि १ टक्क्याच्या खालच्या ओळी वाच. काही ठिकाणी मेलो-रूस फिटत आलेलं असतं, काही ठिकाणी अजून पंचवीस-तीस वर्षं बाकी असतं.

कोथरूडचं सांगू का? सासऱ्यांना विकू देऊ नका. कागदोपत्री करता येतं. भारतात राहणाऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते आणि तो रिटर्न भरताना करात वळता होतो, उरला तर परत मिळतो. इकडे परदेशातून वर्षाला एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर त्यावर कर नाही, पण फॉर्म ३५२० भरावाच लागतो. विसरलात तर रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मी कागदांबद्दल बोलत नाहीये. सत्तरीतल्या माणसाने राहतं घर विकून आपल्याला हप्त्याच्या खाईत उतरवायचं, आणि नंतर त्यांना काही लागलं तर आपल्या हातात महिन्याचे हजार डॉलर. हे करू नकोस.

– तुझा काका

तिसरं पत्र – फ्रिस्को, टेक्सासहून

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्या जवळचं मिशन व्हिएहो सोडलं, पण या लिस्टवरून नाव काढवलं नाही.

वहिनी, आमचा अनुभव सांगतो. साडेसहा लाखांत चार बेडरूमचं घर मिळालं. राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. पण प्रॉपर्टी टॅक्स ९ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्या किमतीच्या घराला काकांच्या दुप्पट. आणि इथे खरेदीची किंमत गोठत नाही. राहत्या घराची कराची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, म्हणून दर वर्षी १५ मेच्या आत हरकत नोंदवायची हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. गारपिटीमुळे घराचा विमा तिकडच्यापेक्षा कितीतरी महाग पडला. आणि तुमच्याकडे कुणी बदली मागणार असेल तर आधी विचारून घ्या: माझ्या कंपनीने जागा बदलली म्हणून पगार १० टक्के कापला.

तरीही महिन्याला आमच्या हातात तिकडच्यापेक्षा जास्त उरतं, हे खोटं बोलणार नाही. नोकरी गेली तर फरक कळेल. कॅलिफोर्नियाचा कर पगारावर आहे, पगार थांबला की तोही थांबतो. इथला कर घरावर आहे, तो पगाराची वाट बघत नाही. मागच्या मार्चमध्ये तीन महिने घरी बसलो तेव्हा हे अंगावर आलं.

चौथं पत्र – सँटा ॲनाहून

मी या लिस्टवर सहसा लिहीत नाही. पण वरची सगळी पत्रं वाचली आणि राहवलं नाही.

मी एका प्रीस्कूलमध्ये शिकवते. पगार ५८ हजार. मी आणि माझी मुलगी, सँटा ॲनामध्ये जुन्या इमारतीत एका बेडरूमच्या घरात राहतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं माझ्यासारख्या बायकांच्या हाताखाली मोठी होतात, म्हणून आमचंही गणित इथे असू दे.

सरकार दर वर्षी काउंटीसाठी 'कमी उत्पन्ना'ची मर्यादा जाहीर करतं. २०२५ साठी चार माणसांच्या घराला ती १ लाख ३५ हजारांच्या आसपास आहे. आणि काउंटीचं चौघांसाठीचं मध्यम उत्पन्न? १ लाख ३६ हजारांच्या आसपास. भाडी इतकी चढलीत की मर्यादाच वर ढकलावी लागली. म्हणजे अगदी मधोमध असलेलं कुटुंबसुद्धा सवलतीच्या घराच्या रांगेत येतं, आणि त्याच रांगेत त्यांच्या मागे मी उभी असते. माझा अर्ज चार ठिकाणी पडून आहे.

आता कर. वहिनींनी घर घेतलं तर पहिल्या वर्षी १३ हजार वाचतील असं काकांनी लिहिलं. भाडेकरू म्हणून मला राज्याकडून वर्षाला १२० डॉलरची सूट मिळते. हे वाचताना माझ्या हातात चहाचा कप होता, तो खाली ठेवला. आणि अर्वाइनमध्ये दुकानातल्या खरेदीवर कर पावणेआठ टक्के, सँटा ॲनामध्ये सव्वानऊ. मुलीचे शाळेचे बूट मी अर्वाइनला जाऊन घेते.

आमच्या शहराने २०२१ मध्ये जुन्या इमारतींच्या भाडेवाढीवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली. गेल्या वर्षी मालकाने ७ टक्क्यांची नोटीस लावली होती. मी नियमाचा उतारा जोडून पत्र लिहिलं, हात थरथरत होते, पण वाढ मागे घेतली गेली. वहिनी, अर्वाइनला हा नियम नाही, पण राज्याचा आहे: १५ वर्षांहून जुन्या इमारतीत वर्षाला ५ टक्के अधिक महागाई, आणि काही झालं तरी १० च्या वर नाही. तुमची वाढ पावणेसात टक्के आहे, म्हणजे नियमात बसते. पण एवढीच घ्यायला हवी असं कुठे लिहिलंय? जाऊन बोला. रिकामं घर त्यांनाही परवडत नाही.

आणि एक. दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट यंदा ४५ डॉलर आहे. दोघींचे ९०. मुलगी नाचाच्या गटात नाव द्यायचं म्हणत होती, मी तिला तिची परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नाहीये.

पाचवं पत्र – पुन्हा टस्टिनहून

ताई, मुलीचं नाव नाचाच्या गटात दिलंय. तिकिटाचा विषय समितीपुढे आज रात्रीच मांडतो. कमी दराची तिकिटं असायला हवीत, आणि ती मागताना कुणाला आपली मिळकत सांगावी लागू नये. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

तुमच्या पत्रानंतर आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. आमच्या चारपैकी तीन बेडरूम बंद असतात. प्रपोझिशन १९ आल्यापासून पंचावन्नच्या पुढच्यांना जुनी कराची किंमत घेऊन कॅलिफोर्नियात कुठेही छोट्या घरात जाता येतं. तरी आम्ही हललो नाही. कारण विकलं तर नफा ११ लाखांच्या वर, त्यातले जोडप्याला ५ लाख माफ, आणि ही मर्यादा १९९७ मध्ये ठरली ती तशीच आहे. उरलेल्यावर दोन्ही कर मिळून दीड लाखाच्या पुढे जातात. म्हणून आमच्या गल्लीतली म्हातारी जोडपी तशीच मोठ्या घरांत बसून आहेत, आणि तुमच्यासारख्यांना घर मिळत नाही. ही म्हणते, गेले तर गेले दीड लाख, आपली मुलगी सिअ‍ॅटलला आहे, ती काही इथे राहायला येत नाही. मला अजून धीर होत नाही. पण विषय निघाला.

सहावं पत्र – अर्वाइनहून

सगळ्यांचे मनापासून आभार.

ताईंनी लिहिलं तसं आज जेवणाच्या सुट्टीत भाड्याच्या ऑफिसात जाऊन बोलले. १८ महिन्यांचा करार केला तर ३,८०० ला तयार झाले. सही केली. टाउनहाउसच्या एजंटला 'नको' म्हणून कळवलं. येत्या वर्षात जुन्या वसाहतींतली बिलं काकांबरोबर बसून वाचायची आहेत.

ताई, दिवाळीच्या आधी एका रविवारी दोघी आमच्याकडे चकल्या करायला या. सोऱ्या माझ्याकडे आहे, भाजणी आईने पाठवलीय.

सकाळी कोथरूडला फोन केला. फ्लॅट विकू नका म्हणून सांगितल्यावर सासरे थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग दिवाळीनंतर बाथरूमच्या टाइल्स बदलून घेतो. तुम्ही याल तेव्हा घसरायला नको."